आलुबुखाराचा पहिला तोडा

सकाळी सात वाजायच्या आत भावाच्या लेकीचा, मोठीचा फोन येऊन गेला. "आत्या, आम्ही निघालोय. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच. तू फक्त डळमळू नकोस." आत्याने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि जुन्या चादरी काखेत मारून परसात गेली. डळमळायला मुळात आपण उभ्या कुठे आहोत, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

परसातलं आलुबुखाराचं झाड फळांनी वाकलं होतं. चौदा वर्षं या झाडाची घरात चेष्टा चाललेली. वहिनीने ते हौसेने लावलं. दर वसंतात अंगभर पांढरं फुलायचं आणि उन्हाळ्यात हातावर मोजून पाच-सात फळं द्यायचं. "नाव मोठं, लक्षण खोटं," असं धाकटा भाचा छोटू त्याला हिणवायचा. वहिनी गेली, भावाचं, दादाचं घर सांभाळायला आत्या आली, त्यालाही नऊ वर्षं झाली, तरी झाडाने हेका सोडला नाही. मग तीन वर्षांपूर्वी दादा खत आणायला टेकडीखालच्या रोपवाटिकेत गेला, तेव्हा तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या, "खत ओतून काय होणार? या जातीला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. दुसरं झाड लावायला जागा नसेल तर एक फांदी बांधून देते." थंडी सरता सरता बाई स्वतः येऊन पिवळ्या जातीचं कलम बांधून गेल्या. यंदा ते कलम पहिल्यांदा गच्च फुललं आणि झाडावर पानांपेक्षा फळं जास्त झाली.

कलम कसं चाललंय ते बघायला बाई अधूनमधून येत. पुढे आठवड्याला येऊ लागल्या. कलमाला एवढी देखरेख लागत नाही, एवढं आत्यालाही कळत होतं.

आणि पंधरा दिवसांपूर्वी, आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेल्या दादाने, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, दोन्ही मुलांना फोन लावून सांगितलं की आपण रोपवाल्या बाईंशी लग्न करणार आहोत. फळं तोडायला सगळे या, तेव्हा सविस्तर बोलू. आत्याला हे मोठीकडून कळलं. मग छोटूकडून कळलं. मग छोटूच्या बायकोकडून. ज्याने सांगायचं, तो मात्र रोज सकाळी तिच्यासमोर बसून चहा पीत होता आणि हवेबद्दल बोलत होता.

आजही तो पसरट खोकी घेऊन परसात आला, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "कालच्यापेक्षा ढग कमी आहेत."

"हो," आत्या म्हणाली.

"ऊन चढायच्या आत उरकलं पाहिजे."

"हो."

दादाने घसा खाकरला. आत्या चादरीचं टोक धरून थांबली. "ती दुसरी चादर जरा भिंतीकडे सरकव," दादा म्हणाला आणि आणखी खोकी आणायला आत निघून गेला.

आठच्या सुमारास गाडी दारात थांबली. मोठी दातांची डॉक्टर होती. समोरच्याच्या तोंडात हत्यारं घालून त्याला प्रश्न विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायची सवय तिला धंद्यानेच लावलेली. तिच्या मागून छोटू उतरला. चाळिशी गाठलेल्या, सहा फूट उंच माणसाला छोटू म्हणणं आता कुणालाच विचित्र वाटत नसे. त्याची बायको गाडी चालवत होती. ती मोटार चालवायला शिकवायची, आणि समोरचा कधी ब्रेक दाबणार हे तिला त्याच्या आधी कळायचं.

तोडा सुरू झाला. दादाने सगळ्यांना उभं करून शिकवलं. "फळ तळहातात घ्यायचं. हलकंच पिळायचं, बल्ब काढतो तसं. हातात आलं तर आलं, नाही आलं तर त्याला आणखी दोन दिवस द्यायचे. ओढायचं नाही. आणि सालीवर ती पांढरी भुकटी आहे ना, ती पुसायची नाही. खोक्यात एकच थर."

"बाबा, आम्ही फळं खाल्लेली आहेत याआधी," मोठी म्हणाली.

"या झाडाची नाही खाल्लीस," दादा म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने फुटला होता. मोठीने पहिलं फळ पिळलं. ते लगेच तळहातात आलं, उन्हाने कोमट झालेलं. तिने ते मुकाट्याने खोक्यात ठेवलं.

पण तासाभराने पाणी प्यायचं निमित्त करून तिने आत्याला स्वयंपाकघरात ओढलं. मागोमाग छोटू आला. त्याच्या मागे सूनबाईही आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"बोलले का बाबा तुझ्याशी?" मोठीने विचारलं.

"नाही अजून."

"बघ! म्हणजे तुझी किंमत काय आहे या घरात? नऊ वर्षं राबलीस. स्वतःचं चालतं दुकान बंद करून आलीस. मी आज सरळ विचारणार आहे, बाबा, आत्याचं काय? द्या उत्तर."

"बरोबर," छोटू म्हणाला. "मला त्या बाईंबद्दल काही म्हणायचं नाही. चांगल्या असतील. पण आत्याने या वयात कुठे जायचं? हा माणुसकीचा प्रश्न आहे."

"दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं सोपं असतं," सूनबाई हळूच म्हणाली.

"म्हणजे?" छोटू वळला.

"म्हणजे तुम्हा दोघांना हे लग्न नको आहे, तर नको म्हणा. यांना कशाला पुढे करता?"

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी अजून बघतेय. यांना कुणी विचारलंय का, यांना काय हवंय ते?"

तिघांनी एकदम आत्याकडे पाहिलं. आत्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मोठी म्हणाली, "तिला काय हवं असणार? तिला इथेच राहायचंय!" मग आत्याने पाणी पिऊन घेतलं.

बाहेर फाटक वाजलं. रोपवाल्या बाई आल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या, पँटच्या खिशात छाटणीची कात्री. कुणाला नमस्कार-चमत्कार करायच्या आधी त्यांनी झाडाकडे मान वर केली आणि कमरेवर हात ठेवले.

"विरळणी केली नाहीत ना?"

दादा शाळकरी पोरासारखा उभा राहिला. "जीवच झाला नाही हो. चौदा वर्षांनी लागलीत. कोवळी फळं खुडून टाकायची म्हणजे..."

"मी सांगितलं होतं. दोन फळांत मूठभर अंतर हवं. ही फांदी बघा. द्राक्षाच्या घडासारखी लगडलीय. कुणी हिला हात लावू नका, आधी टेकू द्यायला..."

दुर्दैवाने छोटू तेव्हाच स्वयंपाकघरातून तावातावाने बाहेर पडला होता. काहीतरी करून दाखवावं म्हणून असेल किंवा बाईंचं ऐकूच गेलं नसेल, त्याने तीच फांदी हाताने खाली ओढली.

कडाड असा आवाज झाला. फांदी बेचक्यात फाटली आणि वीतभर खाली आली. दहा-वीस फळं टपाटपा चादरीवर पडली. छोटू जागच्या जागी गोठला, हात तसाच फांदीवर.

"सोडू नका!" बाई ओरडल्या. "सोडलीत तर बुंध्यापर्यंत चिरत जाईल." त्या धावत फांदीखाली गेल्या आणि खांदा लावला. सगळ्यांत जवळ आत्या होती. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिनेही दुसऱ्या बाजूने खांदा दिला. "आता तुम्ही सुटा," बाई छोटूला म्हणाल्या. "तुम्ही उंच आहात, वरची फळं उतरवा, टोकाकडून सुरुवात करा. पटापट, पण एकेक. अहो, तुम्ही काय बघत उभे? मजबूत दांडकं आणा, दोरी आणा!" हे शेवटचं दादाला होतं. दादा सामानाच्या खोलीकडे पळाला. या वयात तो पळू शकतो, हे मुलांनी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

मोठीने खोकं उचललं. सूनबाईने दुसरं. छोटू फळं उतरवून खाली देत होता, त्या दोघी ती नेऊन ओसरीवर मांडत होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं आणि काम भराभर चाललं होतं.

फांदीखाली दोघी बायका खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. पानांच्या आत एवढं दाट की बाहेरच्यांचे फक्त पाय दिसत होते. चिरलेल्या लाकडाचा ओला वास येत होता.

"ताई, भार झाला तर सांगा," बाई म्हणाल्या.

"झालाच आहे. सांगून कमी होणारे का?"

बाई हसल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "यांनी तुम्हाला अजून सांगितलं नाही ना?"

"नाही."

"मी रोज विचारते. रोज म्हणतात, उद्या सांगतो. तुम्हाला घाबरतात."

"मला?" आत्याला खरंच आश्चर्य वाटलं. "मला मांजरसुद्धा घाबरत नाही."

"माझ्यासाठी तिने दुकान बंद केलं, आता कुठल्या तोंडाने सांगू, म्हणतात." बाईंनी खांदा जरा सावरला. "ताई, एक स्पष्ट बोलते. तुम्ही इथून जावं असं माझ्या मनात नाही. तुमची खोली तुमचीच. उलट तुम्ही राहिलात तर बरंच. मला स्वयंपाक येत नाही. माझ्या हातचं यांना रोज खावं लागलं तर महिन्यात पश्चात्ताप होईल."

आत्या हसली. फांदी हलली आणि एक फळ तिच्या डोक्यावर आपटून खाली गेलं. मग दोघी इतक्या हसल्या की बाहेरून मोठीने खाली वाकून आत बघितलं.

मग हसू ओसरलं. बाईंचं बोलणं मनापासूनचं होतं. ते ऐकून तिला हायसं वाटायला हवं होतं. पंधरा दिवस आपण याच वाक्याची वाट बघतोय अशी तिची समजूत होती. तुझी खोली तुझीच. आणि आता ते मिळालं, तर शाळा सुटल्याची घंटा व्हावी आणि मास्तरांनी पुन्हा आत बसवावं, तसं तिला वाटलं. तिने ते मनात दोनदा तपासून पाहिलं. दोन्ही वेळा तसंच वाटलं.

"माझ्याशी खरं बोलाल?" आत्याने विचारलं. "मी नसले तर चालेल तुमचं?"

बाईंनी तिच्याकडे मान वळवली. "चालेल," त्या म्हणाल्या. "खाण्याचे हाल होतील, पण चालेल. का?"

"काही नाही. मान अवघडली, म्हणून विचारलं."

दादा दांडकं घेऊन आला. छोटूने ते फांदीखाली रोवलं, दोघांनी मिळून फांदी इंच इंच वर उचलली आणि फाटलेलं बेचकं पुन्हा मिटलं. दोरी आवळायच्या आधी सालीला कापड गुंडाळायला हवं होतं, नाहीतर काचलं असतं. मोठीने बाईंच्या कात्रीने चादर कापायला घेतली.

"थांब थांब, तशी नाही," आत्या म्हणाली. तिने कापड हातातून घेतलं, बोटांत धरून ताणून बघितलं. "तू उरेब, तिरकं कापतेयस. उरेब कापड ताणतं, दोन दिवसांत ढिलं पडेल. उभ्या धाग्यात फाडायचं." तिने कडेला कात्रीने चीर दिली आणि एका झटक्यात सरळ पट्टी काढली. मग दुसरी. तिसरी. सगळ्या एका रुंदीच्या, जणू मापून घेतलेल्या. तिने स्वतःच बेचक्याभोवती पट्टी गुंडाळली, घडी न पडू देता, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत. बाई बघत राहिल्या.

"तीस वर्षं करतेय मी हे," बाई म्हणाल्या. "माझी पट्टी कधी इतकी नीट बसली नाही."

"अंगावर कापड बसवणं हाच माझा धंदा होता," आत्या म्हणाली. ते 'होता' तिचं तिलाच खटकलं.

"वाचेल का?" छोटूने विचारलं. त्याचा चेहरा अजून उतरलेला होता.

"वाचेल. हिवाळ्यात आरपार बोल्ट घालू. यांना येतंच की ते," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी विरळणी तुम्ही करायला या. यांच्यावर माझा भरवसा नाही."

छोटू पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसला. मोठीने ते पाहिलं आणि तिचे ओठ घट्ट मिटले. सकाळी ती तिघांची पुढारी होती. आता भावजय कुंपणावर आणि भाऊ कुंपणापलीकडे.

दुपारी सगळे ओसरीवर जेवायला बसले. भिंतीला लागून फळांची एकोणीस खोकी मांडलेली, जांभळी आणि मध्येच पिवळी. जेवण होईपर्यंत झाडाबद्दल बोलणं झालं. मग मोठीने ताट बाजूला सरकवलं.

"बाबा, आता विषयाला हात घालू. बाई समोर आहेत ते बरंच आहे. माझा एकच प्रश्न आहे. आत्याचं..."

"आत्याचं आत्या सांगते," आत्या म्हणाली.

मोठी थांबली. दवाखान्यातल्या खुर्चीवरचा पेशंट मध्येच उठून बसावा तसं तिला झालं असावं.

"दादा, तू मला सांगितलं नाहीस, याचा मला राग आला आहे," आत्या म्हणाली. "लग्नाचा नाही आला. पंधरा दिवस माझ्यासमोर ढग मोजत बसलास, त्याचा आला."

दादाने मान खाली घातली. "चुकलं माझं."

"आणि दुसरं. मला इथे राहायचं नाहीये."

"हे बघा!" मोठी उसळली. "हे असं होणार होतं. तिला हाकलून..."

"मोठे, गप्प बस जरा. मला कुणी हाकलत नाहीये. बाईंनी फांदीखाली मला राहा म्हटलं. मला बाजारगल्लीत ती जोडे दुरुस्तीच्या दुकानावरची खोली घ्यायचीय. मोठी खिडकी आहे, दिवसभर उजेड असतो. दोन महिने पाटी लटकतेय तिथे. भाजी आणायला जाताना मी रोज पलीकडच्या बाजूने जाते, कारण तिथून खिडकी नीट दिसते. मला माझं दुकान परत हवंय."

मग दादा अगदी हळू म्हणाला, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"परत जावंसं कधीपासून वाटतंय तुला?"

आत्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"तुझं कसं होईल म्हणून! वहिनी गेल्यावर तू जेवायचा नाहीस, झोपायचा नाहीस. तुला टाकून जाऊ?"

"मी सहा महिन्यांत सावरलो होतो!" दादा म्हणाला. "पण तू दुकान मोडून आली होतीस. आता परत जा म्हणणं म्हणजे काम झाल्यावर बाहेर काढणं. म्हणून मग मी... मला तू लागतेस असं तुला वाटावं म्हणून... मी चहासुद्धा स्वतः करायचा सोडून दिला."

"तुला चहा येतो?"

"लिफ्टच्या कामावर चाळीस वर्षं मीच सगळ्यांचा चहा करायचो."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. नऊ वर्षं, रोज सकाळ-संध्याकाळ. तिने मनात हिशेब मांडायला घेतला आणि सोडून दिला. सूनबाईला आधी हसू फुटलं, मग छोटूला, आणि शेवटी दादा डोळे पुसत हसायला लागला. आत्याला हसावं की ताट फेकून मारावं कळेना, म्हणून तिने दोन्हीच्या मधलं काहीतरी केलं. पाण्याचा ग्लास जोरात आपटला आणि मग हसली.

फक्त मोठी हसत नव्हती. ती उठली आणि खोक्यांपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. आत्या थोड्या वेळाने तिच्याजवळ गेली.

"काय गं?"

"तू इथे आहेस म्हणून मी येते," मोठी म्हणाली. ती रडत होती आणि ते तिला अजिबात आवडत नव्हतं. "आई गेल्यावर मला या घरात पाऊल टाकवत नव्हतं. तू दार उघडायचीस, म्हणून जमलं. आता दार त्या उघडणार. मी कुणाकडे येऊ?"

एवढी मोठी बाई, हाताखाली चार माणसं असलेली, आणि हे सकाळपासून पोटात धरून बसली होती. आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"बाबांकडे ये. थोडे दिवस जड जाईल, जाऊ दे. आणि इथून निघालीस की माझ्याकडे ये. दहा मिनिटांची तर वाट आहे. एक खुर्ची तुझ्या नावाची ठेवते. फक्त तोंडात हत्यार घालून प्रश्न विचारायचे नाहीत."

मोठी रडता रडता हसली. मागे बाई ताटं गोळा करत होत्या, आणि दादा त्यांना ती कुठे ठेवायची ते चुकीचं सांगत होता. मोठीने नाक पुसलं, वळली आणि त्यांच्या हातातली ताटं घेतली. "इकडे द्या," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, पण द्या म्हणाली. बाईंनी दिली.

सोमवारी मोठीने दुपारचे पेशंट पुढे ढकलले आणि आत्याबरोबर बाजारगल्लीत गेली. जिना अरुंद होता. खोलीत आधीच्या भाडेकरूची खिळ्यांची भोकं होती, एका कोपऱ्यात ओल होती, आणि खिडकीतून आलेला उजेड पार समोरच्या भिंतीपर्यंत पोचत होता. मोठीने कोपऱ्यात बोट दाबून बघितलं, नळ सोडून बघितला, खिडकीची कडी तीनदा लावून काढली. आत्या खोलीच्या मधोमध उभी होती. कापायचं टेबल कुठे येईल ते ती बघत होती.

खालचे जोडे दुरुस्त करणारे म्हातारे मालक किल्ल्या घेऊन दारात उभे होते. ते मोठीकडे वळून म्हणाले, "आईंसाठी बघताय का? त्यांना जिना झेपेल ना? आणि इथे त्या करणार काय दिवसभर?"

मोठीने तोंड उघडलं. मग मिटलं.

"माझी आत्या आहे," ती म्हणाली. "तिलाच विचारा."

मालक आत्याकडे वळले. आत्याने खिडकीकडे पाठ केली आणि आपला जुना, गिऱ्हाइकांशी बोलायचा आवाज तिला सापडला.

"कपडे शिवणार," ती म्हणाली. "तुमच्या या कोटाची बाही खांद्यात ओढतेय. उतरवा बघू, पाहू दे मला."